बैलगाडीचं चाक आणि इतर खऱ्या गोष्टी

१९७७ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही स्टुडिओत तीन पुरुष ओळीनं उभे राहिले आणि तिघांनीही आपलं नाव एकच सांगितलं: फ्रँक ॲबॅग्नेल. कार्यक्रमाचं नाव 'टू टेल द ट्रूथ', १९५६ पासून चालत आलेला. समोर बसलेल्या चार जणांनी तिघांना प्रश्न विचारायचे आणि अस्सल माणूस ओळखायचा. दोघा तोतयांना हवं तेवढं खोटं बोलायची मुभा. जो खरा, त्याला मात्र खरंच बोलायचं बंधन. शेवटी सूत्रसंचालक खऱ्याला उभं राहायला सांगतो आणि निकाल लागतो.

त्या दिवशीचा खरा माणूस म्हणजे कोवळ्या वयात पायलट, डॉक्टर, वकील अशी सोंगं घेऊन जगाला टोप्या घातलेला भामटा, अशी त्याची ओळख करून दिलेली होती. १९८० साली त्याचं आत्मचरित्र आलं. २००२ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गनं त्यावर 'कॅच मी इफ यू कॅन' काढला आणि त्याची सुरुवातच या टीव्हीच्या खेळानं केली. मग २०२० साली ॲलन लोगन या लेखकानं जुनी कागदपत्रं बाहेर काढली. ज्या वर्षांत आपण पायलटच्या गणवेशात जग फिरत होतो असं ॲबॅग्नेल सांगत आला, त्यातला बराचसा काळ, १९६५ ते १९६८, तो न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेट मेडो तुरुंगात होता, असं ती कागदपत्रं सांगतात. म्हणजे त्या ओळीत खोटं बोलायची परवानगी होती दोघांना, आणि सगळ्यात मोठी लोणकढी ठेवून दिली ती खरं बोलायला बांधलेल्या तिसऱ्यानं. चार परीक्षक 'खरा कोण' हे शोधत राहिले. 'गोष्ट खरी आहे का' हे विचारायचं त्या खेळात कुणाचं कामच नव्हतं.

स्वतःबद्दलची एक गोष्ट सांगायची आणि ती घडलेली की रचलेली हे ऐकणाऱ्यांनी ओळखायचं, हा खेळ आज अनेक रूपांत खेळला जातो. त्यातलं सगळ्यात नीरस रूप कंपन्यांमध्ये सापडतं. नवी भरती झाली की पहिल्या दिवशी प्रत्येकानं स्वतःविषयी तीन वाक्यं सांगायची, दोन खरी, एक खोटं. 'मी कळसूबाई चढलोय, मला कन्नड येतं, माझ्याकडे दोन मांजरं आहेत.' बाकीचे चहाच्या कपाकडे बघत कुठलं तरी एक बोट वर करतात. यात मजा नाही, कारण यात गोष्ट नाही आणि उलटतपासणीही नाही. नुसत्या विधानात पकडण्यासारखं काही नसतं. मांजरं दोन असली काय आणि तीन असली काय!

इंग्रजांनी मात्र हा खेळ नीट ओळखला. बीबीसीवर २००७ पासून 'वुड आय लाय टू यू?' नावाचा कार्यक्रम चालतो. डेव्हिड मिचेल आणि ली मॅक हे दोन विनोदवीर दोन संघांचे कप्तान, आणि २००९ पासून सूत्रसंचालक रॉब ब्रायडन. पाहुण्याच्या हातात एक कार्ड येतं, त्यावरचं वाक्य त्यानं मोठ्यानं वाचायचं. वाक्य खरं असेल तर ते त्याच्याच आयुष्यातलं. खोटं असेल तर ते लिहिलेलं असतं कार्यक्रमवाल्यांनी, आणि पाहुणा ते तिथे पहिल्यांदाच बघत असतो. मग समोरचा संघ तुटून पडतो. कुठे? केव्हा? बरोबर कोण होतं? तू काय घातलं होतंस? बायको काय म्हणाली? थापाड्याला पुढचा मजला जागच्या जागी चढवावा लागतो आणि खालचा पाडायचा नसतो.

या कार्यक्रमात बॉब मॉर्टिमर नावाचे एक गृहस्थ येतात. मिडल्सब्रोचे, एकेकाळचे वकील, नंतर विनोदवीर. ते सांगतात, माझ्या दातांची दुरुस्ती मीच करतो. समोरचे हसून लोळतात, प्रश्न विचारतात, आणि ते भरणाच्या साहित्याचं नाव आणि कृती शांतपणे सांगत जातात. खरं निघतं. नुसत्या हातांनी सफरचंदाचे दोन तुकडे करतो म्हणतात, तेही खरं. केव्हिन ब्रिजेस या स्कॉटिश पोरानं सांगितलं की बल्गेरियात सुट्टीवर असताना आपण चुकून एक घोडा विकत घेतला. कुणाचा विश्वास बसणार? तेही खरंच. मला वाटतं या खेळाचा खरा नायक थापाड्या नाहीच. ज्याचं खरं थापेसारखं वाटतं, तो नायक. थाप पचवून दाखवणं ही कारागिरी झाली. घडलेली गोष्ट सांगावी आणि चार शहाण्या माणसांनी 'छे, फेकतोय' म्हणावं, यासाठी आधी तसं जगावं लागतं.

गेल्या कोजागरीला पुण्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर हा खेळ पाहायला मिळाला. मसाला दुधाचं पातेलं कोपऱ्यात उकळत होतं, मुलं भेंड्या खेळून कंटाळली होती. खेळवणाऱ्या बाईंनी एकच अट घातली: शपथ घ्यायची नाही. अट शहाणपणाची होती. आपल्याकडे लहान पोर गळ्याची कातडी चिमटीत धरून 'गळ्याशप्पथ' म्हणालं की वाद संपतो आणि मग बाकीचे 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मागे लागतात. शप्पथ आली की खेळ बसला.

एक तरुण मुलगी उठली, आयटीतली. तिच्या आजीची अंगठी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हरवली. घरभर शोधाशोध, कामवाल्या मावशींवर संशय, आजीचं जेवण बंद. भाऊबीजेला मामा आले, करंजीचा तुकडा मोडला, आणि सारणात अंगठी! मावशींना बोलावून आजीनं साडी दिली. गच्चीवर 'अय्या' झालं. एकानं विचारलं, "दाताखाली आली का गं?" ती म्हणाली, "नाही, मोडतानाच दिसली." जवळजवळ सगळे हात 'खरं'च्या बाजूनं वर गेले.

मग एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका. त्यांची गोष्ट दोन वाक्यांची. रात्रीच्या मुक्कामी गाडीच्या टपावर एक माणूस बैलगाडीचं चाक विसरून गेला. आठ दिवसांनी येऊन आगारातून घेऊन गेला.

"काका, अहो, बैलगाडीचं चाक म्हणजे काय छत्री आहे का विसरायला?"

"विसरला. आता काय सांगू!"

"लगेज फाडलं होतं का?"

"फाडलं होतं की. मंगळवार होता... नाही, बाजार होता, म्हणजे गुरुवार."

"बघा, बदललं!" दोन-तीन जण एकदम ओरडले.

"तो विसरला कसा, ते सांगा."

"ते मला काय माहीत? मी नाही विचारलं त्याला. पावती केली, सही घेतली, चाक दिलं. सही नाही, अंगठा होता बहुतेक."

सगळे हात 'थाप'च्या बाजूनं. अंगठीची गोष्ट पूर्ण रचलेली होती. चाक खरं होतं. काकांच्या पत्नी म्हणाल्या की त्या चाकावर दोन दिवस आगारातली कुत्री झोपत होती, आणि हे आधी सांगायचं सोडून यांनी गुरुवार-मंगळवार काय लावलं होतं!

अंगठीची गोष्ट खरी वाटली, कारण ती नीट बसत होती. हरवणं, संशय, सापडणं, प्रायश्चित्त, आणि वर दिवाळी. आयुष्यात घडलेल्या गोष्टी एवढ्या नीट वागत नाहीत. त्यात मधलं कारणच गायब असतं. माणूस चाक विसरतो आणि का विसरला हे कुणी विचारत नाही, कारण त्या वेळी रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि घरी जायचं असतं.

काकांनी वार बदलला तेव्हा गच्चीवर जो गलका झाला, त्यावरून एका जर्मन माणसाचं काम आठवलं. उडो उंडॉइच हे मानसशास्त्रज्ञ मुलांच्या साक्षी तपासत. १९६७ मध्ये त्यांनी मांडलं की अनुभवलेल्या घटनेचं कथन रचलेल्या कथनापेक्षा आशयातच वेगळं असतं. पुढे १९८९ मध्ये स्टेलर आणि क्योनकेन यांनी याचे एकोणीस निकष केले. त्यांत काय आहे बघा: मधूनच स्वतःची चूक दुरुस्त करणं, 'आठवत नाही' अशी कबुली, कामाचा नसलेला तपशील, सांगण्यात उलटसुलट क्रम. या गोष्टी खऱ्याच्या बाजूनं मोजायच्या. आपण गच्चीवर नेमक्या याच गोष्टी काकांच्या विरोधात मोजल्या. थापाड्या सहसा असं करत नाही, कारण आपल्यावर संशय आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो गोष्ट इस्त्री करून आणतो. हे निकष म्हणजे काही रामबाण नव्हे. तयारीचा माणूस त्यांनाही फसवतो. पण 'बघा, बदललं' म्हणून फाशी द्यायची सवय त्यामुळे थोडी आवरते.

माणसं खोटं किती ओळखतात यावर बरंच मोजून झालं आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या दोघांनी २००६ मध्ये अशा २०६ अभ्यासांची बेरीज केली. त्यात पारखणारी माणसं होती २४,४८३. निकाल बरोबर आला ५४ टक्के वेळा. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. खरी कथनं ६१ टक्के वेळा खरी म्हणून ओळखली गेली, खोटी मात्र ४७ टक्के वेळाच पकडली गेली, कारण आपला कल मुळात विश्वास ठेवण्याकडे असतो. टिमोथी लेव्हिन हे संशोधक म्हणतात की हा दोष नाही, यावरच जग चालतं. दूधवाल्यापासून बँकेपर्यंत प्रत्येकाची उलटतपासणी घेत बसलो तर सकाळचे अकरा वाजेपर्यंत दाराबाहेर पडणं होणार नाही. खेळात मात्र हा कल मुद्दाम बाजूला ठेवायचा असतो. संशय घेणं हेच काम असतं, आणि त्याचा पहिला फटका बसतो तो चाकवाल्या काकांना.

'माझ्या डोळ्यांत बघून सांग' हे वाक्य ज्यानं आईकडून ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. हे खूळ फक्त आपलं नाही. बाँड यांच्याच पुढाकारानं ५८ देशांत लोकांना विचारलं गेलं की खोटारडा कसा ओळखावा. सगळ्यात जास्त आलेलं उत्तर: तो नजर चुकवतो. डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये खोटेपणाच्या १५८ खुणा तपासल्या होत्या, त्यात नजरेला जवळपास काहीच वजन सापडलं नाही. खोटं बोलणाराही डोळ्यांत डोळे घालतो, कारण त्यालाही आई असते. आपल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम २८० मध्ये, साक्ष नोंदवताना साक्षीदाराच्या वागण्याबद्दल काही महत्त्वाचं वाटलं तर न्यायाधीशानं तेही लिहून ठेवावं असं म्हटलं होतं. कपाळावरचा घाम खोटेपणाचा की कोर्टाच्या भीतीचा, हे ठरवणं तेव्हाही त्या बिचाऱ्या न्यायाधीशाच्याच अंगावर पडत होतं.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग रिचर्ड वाइजमन यांचा. हे आधी जादूगार, मग मानसशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९९४ मध्ये बीबीसीचे नामांकित मुलाखतकार सर रॉबिन डे यांना खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. आवडत्या चित्रपटाबद्दल दोन छोट्या मुलाखती. एकीत 'गॉन विथ द विंड', दुसरीत 'सम लाइक इट हॉट'. एक उत्तर खरं, एक खोटं. त्या मुलाखती टीव्हीवर दाखवल्या, रेडिओवर ऐकवल्या आणि वर्तमानपत्रात छापल्या. ४१,४७१ लोकांनी कौल दिला. टीव्ही पाहणाऱ्यांपैकी ५१.८ टक्के बरोबर आले, वर्तमानपत्र वाचणाऱ्यांपैकी ६४.२ टक्के, आणि नुसतं ऐकणाऱ्यांपैकी ७३.४ टक्के. ज्यांनी चेहरा पाहिला, तेच सगळ्यात जास्त फसले. 'गॉन विथ द विंड' ही थाप होती. खऱ्या आवडीबद्दल सर रॉबिन बरंच जास्त बोलले होते.

२०२३ मध्ये ब्रुनो व्हेर्स्खुरे आणि सहकाऱ्यांनी यावर आणखी सोपा उपाय काढला. चेहरा, आवाज, हात, घाम सगळं सोडा आणि एकच बघा: कथनात तपशील किती आहे? एवढ्या एका मापावर निकाल देणारे लोक ५९ ते ७९ टक्क्यांपर्यंत बरोबर आले. दहा खुणा एकत्र बघणारा गोंधळतो. एकच धरून बसणारा बरा राहतो. अंगठीवाल्या मुलीला जर कुणी विचारलं असतं की करंज्या कुणी लाटल्या, तळल्या कुणी, तळताना अंगठी तापली असेल तर काळी पडली होती का, तर बहुधा गाडी अडली असती. पण आम्ही 'अय्या' म्हणण्यात गुंतलो होतो.

यंत्राकडे निकाल सोपवण्याचाही प्रयोग झाला. २००९ मध्ये स्टार प्लसवर 'सच का सामना' आला, राजीव खंडेलवाल सूत्रसंचालक. पॉलिग्राफ यंत्र म्हणेल ते खरं. संसदेत गदारोळ झाला. दुसऱ्याच वर्षी, मे २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को वगैरे चाचण्या करता येणार नाहीत असा निकाल दिला. खेळ म्हणून मला तो कार्यक्रम कधीच पटला नाही. तिथे गोष्ट नव्हतीच, 'हो' किंवा 'नाही' एवढंच होतं, आणि प्रेक्षकाला करायला काही काम नव्हतं.

ज्यांना थापच हवी त्यांच्यासाठी वेगळे आखाडे आहेत. इंग्लंडमधल्या कम्ब्रियात, सँटन ब्रिज इथल्या खानावळीत दर नोव्हेंबरात जगातला सगळ्यात मोठा थापाड्या निवडतात. एकोणिसाव्या शतकातल्या विल रिट्सन या खानावळवाल्याच्या नावानं. आमच्याकडचे सलगम एवढे मोठे की ते पोखरून आत मेंढ्या बांधतात, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. राजकारणी आणि वकील यांना स्पर्धेत प्रवेश नाही, कारण ते व्यावसायिक ठरतात. आपल्याकडे याचं काम पारावर आणि चावडीवर होत आलं. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीत नाना चेंगट आणि मंडळी जमतात तेव्हा खरंखोटं कुणी तपासत नाही. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं कथाकथनाला उभे राहत तेव्हाही, 'हे खरंच घडलं का हो?' असं विचारणारा श्रोता भाबडा नव्हता. त्याला तो मोह आवरायचाच नसे.

आणि एक जुनी लोककथा, जी जगभर वेगवेगळ्या रूपांत सांगितली जाते. राजा म्हणतो, मला 'हे खोटं आहे' असं म्हणायला लावेल त्याला अर्धं राज्य. लोक येतात, आभाळ शिवतात, सूर्यावर विडी पेटवतात. राजा म्हणतो, असेल बुवा. मग एक फाटका माणूस येतो आणि म्हणतो, महाराज, तुमच्या वडिलांनी माझ्या बापाकडून घडाभर मोहरा उसन्या घेतल्या होत्या, तेवढ्या परत मिळाव्यात. राजानं खरं म्हटलं तर मोहरा जातात, खोटं म्हटलं तर अर्धं राज्य जातं.

या खेळाला एक अंधारी बाजूही आहे, आणि ती मराठीत विजय तेंडुलकरांनी दाखवली तशी दुसऱ्या कुणी दाखवलेली मला माहीत नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं. सुलभा देशपांडे बेणारेबाई झाल्या होत्या. मुंबईची एक हौशी मंडळी खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेली. संध्याकाळपर्यंत वेळ घालवायचा म्हणून आणि गावच्या सामंतला सराव व्हावा म्हणून एक लुटुपुटूचा खटला उभा करतात. आरोपी बेणारे. आरोप, गंमत म्हणून, भ्रूणहत्येचा. सामंतला साक्ष द्यायला सांगतात. भोळा माणूस, त्याला काय सांगावं सुचत नाही, तेव्हा तो हातातल्या कादंबरीचा आधार घेऊन त्याच मंडळीतले प्राध्यापक दामले आणि बेणारे यांच्या भेटीचा प्रसंग रचून सांगतो. रचलेली गोष्ट खऱ्यावर जाऊन आदळते. बाकीच्यांना वास लागतो. मग खेळ खेळ राहत नाही आणि तो थांबवायचा अधिकार बेणारेकडे उरत नाही.

खेळ किती सहज तिकडे घसरतो हे त्या नाटकात पाहावं. स्वतःच्या गोष्टीचं कार्ड स्वतःच्या हातात आहे तोवर ही गंमत असते. ते दुसऱ्यानं वाचायला घेतलं की चौकशी सुरू होते. कंपनीतल्या त्या तीन वाक्यांच्या खेळाविषयीही माझी हीच तक्रार आहे. तिथे साहेब समोर बसलेला असतो आणि पोरं काय सांगावं यापेक्षा काय सांगू नये याच्या काळजीत असतात. 'मांजरं दोन' हे उत्तर नीरस असलं तरी त्या जागी अगदी शहाणपणाचं आहे.

चांगले खेळाडू मात्र वेगळ्याच युक्तीनं खेळतात. पूर्ण रचलेलं सांगत नाहीत. भावाच्या बाबतीत घडलेलं स्वतःच्या नावावर खपवतात, किंवा सगळी गोष्ट खरी ठेवून फक्त शेवट फिरवतात. धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' याच जातीचं. तपशील विचारा, तो भराभरा येतो, कारण तो खराच असतो. अशा माणसाला पकडायचा एकच बरा मार्ग मला दिसला: गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावायची. ऑल्डर्ट व्ह्राय या संशोधकानं चौकशीसाठी हा उपाय अभ्यासला आहे. घडलेलं माणूस अडखळत का होईना उलटं सांगू शकतो. फिरवलेल्या शेवटापासून सुरुवात करताना मात्र सांध्यावर पाय अडकतो.

या दिवाळीत फराळाला माणसं जमतील, मुलं मोबाईलमध्ये तोंड घालून बसतील, तेव्हा हा खेळ काढा. सांगणाऱ्याला पडद्याआड किंवा शेजारच्या खोलीत बसवा म्हणजे चेहरा दिसणार नाही. तिसऱ्या माणसाची अब्रू गुंतलेली गोष्ट घेऊ नका, खरी असो नाहीतर रचलेली. कुणी मध्येच 'मला आठवत नाही' म्हणालं तर लगेच हात वर करू नका, आणखी एक प्रश्न विचारा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पहिली पाळी द्या. त्यांच्याकडे चाकं असतात आणि ती विचारायला कुणी येत नाही. आणि निकाल लागेपर्यंत पुरावा म्हणून कुणालाही मोबाईलमधला फोटो काढू देऊ नका.